उसनं आलेलं पदक

कुमासी शहरात हरमटानचा कोरडा वारा सुटला, की भर दुपारचं ऊनही राखेसारखं मळकट दिसतं. अशाच एका दुपारी राजवाड्याच्या संग्रहालयात काम करणाऱ्या आफ्रियीला तिथलं सोन्याचं एक गोल पदक पेटीत भरायचं होतं.

जुन्या काळी राजाचा आत्मा धुऊन निर्मळ ठेवणारा सेवक ते छातीवर बाळगायचा. गोऱ्या शिपायांनी वाडा जाळला, तेव्हा त्याच्या अंगावरूनच ते ओरबाडलं म्हणतात. आता समुद्रापारच्या संग्रहालयानं आपलंच आपल्याला उसनं धाडलं होतं, आणि मुदत संपली होती.

त्या सेवकाच्या घराण्यातले म्हातारे नाना बोआतेन निरोप द्यायला आले होते.

"उचलायच्या आधी त्यांना विचार हो, पोरी."

"कुणाला, पदकाला?" आफ्रियी हसली. "नाना, विमान काही विचारायला थांबत नाही."

"हस, हस. दात चांगले आहेत तुझे." कुरकुरत नाना बाहेर सावलीत जाऊन बसले.

तिनं हातमोजे चढवले, काच सरकवली, पदक उचललं आणि जागीच थबकली. पदक उबदार होतं. नुकतंच कुणाच्या तरी छातीवरून उतरवल्यासारखं.

मग वास आला. गवती छपराच्या धुराचा... जळक्या केसांचा. बाहेरचा वारा एकदम पडला. तिच्या मानेमागे कुणीतरी संथ श्वास घेत होतं.

"परत... जायचं का?"

आवाज फार थकलेला होता. तिला वाटलं, नानाच आत आलेत आणि पदकाच्या वतीनं विचारताहेत. या काचेपुढे उभ्या राहून रडणाऱ्या म्हाताऱ्या तिनं कितीदा पाहिल्या होत्या. नानांचं मन राखायला ती पदकाशीच बोलली.

"तुम्ही नका जाऊ," मागे न बघताच ती पुटपुटली. "तुम्ही इथंच राहा."

हातातलं पदक झर्रकन गार पडलं.

ती वळली. दालनात कुणीच नव्हतं. खिडकीबाहेर नाना मान टाकून घोरत होते.

तिनं पदक पेटीत ठेवलं, पेटी बंद केली, नेणाऱ्यांच्या स्वाधीन केली आणि तडक घर गाठलं. आई अंगणात फुफूसाठी उकडलेले कंद कांडत होती. लेकीला पाहताच तिचं मुसळ वरच राहिलं.

"अगं, पाहुणे आणायचे तर आधी सांगावं. सूप पुरायचं नाही."

"कोण पाहुणे?"

"हे काय, तुझ्या मागे. या ना, आत या!" मग आईनं आवाज खाली आणला. "एवढ्या कोरड्या वाऱ्यात उघडेच कसे गं हे? आणि छातीवर..."

"छातीवर काय, आई?"

"मधोमध गोल... भाजल्याचा डाग. अजून ओला आहे गं."