पिठल्याच्या वर्गातला दुभाषी

फलकावर ‘सर्वांसाठी खुला’ असं ठसठशीत लिहिलं होतं. तरी श्वान-प्रशिक्षण वर्गाच्या छाया मॅडमनी सृष्टीला मोबाइलवर टाइप करून दाखवलं, पुढच्या रविवारी आईला घेऊन ये, ती तुला समजावेल. सृष्टीचं डोकंच फिरलं. स्वतःच्या कमाईवर घर चालवणाऱ्या बाईने कुत्र्याला ‘बस’ म्हणायला शिकायचं, तर आईचं बोट धरून यायचं? तिला ऐकू येत नव्हतं, एवढंच. अक्कल शाबूत होती!

दुभाषी बोलवा, असं तिने लिहून दिलं. त्यावर मॅडमनी नुसते खांदे उडवले. इकडे तिचा कुत्रा पिठल्या दिसेल त्याच्या अंगावर उड्या मारायचा, आणि सोसायटीने बजावलं होतं, महिन्याभरात सुधारला नाही तर कुत्रं इथे ठेवायचं नाही.

त्याच संतापात ती पंचवटीच्या बाजारातून चालली होती, तेव्हा पिठल्याने झेंडूच्या टोपलीत तोंड घातलं. कुणीतरी मागून तिचा खांदा हलवला. उंच, सावळा, कपाळावर आठ्या... बराच वेळ हाका मारत असावा. सृष्टी त्याच्यावर खुणांच्या भाषेत तुटून पडली. याला काय कळणार, या खात्रीने अगदी मनमुराद. त्याच्या आठ्या हळूहळू मावळल्या. मग त्याचे हात उठले.

‘शिव्या छान देता,’ तो हातांनी म्हणाला. ‘पण झेंडू माझ्या आईचा आहे.’

सृष्टीला धरणी दुभंगावी असं झालं. टोपलीमागे बसलेल्या त्याच्या आईला, सगुणाबाईंनाही ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं, आणि त्या पोट धरून हसत होत्या. त्यांचा हा मुलगा भारत, जवळच्या सायखेड्याचा. खुणांची भाषा आईच्या मांडीवर शिकलेला, पुढे दुभाष्याचं रीतसर शिक्षण घेतलेला. वर्गाची हकिकत ऐकून तो म्हणाला, येतो. पण जे बोललं जाईल ते सगळं पोचवीन, पदरचं घालणार नाही, काही गाळणार नाही.

‘बघू,’ सृष्टी म्हणाली. आजवर तिचं बोलणं सगळ्यांनी गाळूनच पुढे दिलं होतं. आई तर तिच्या भांडणाचंही ‘थँक्यू’ करून टाकायची.

रविवारी मॅडम भारतकडे तोंड करून म्हणाल्या, “तिला सांगा, पट्टा आखूड धरायचा.” भारतने ‘तिला सांगा’सकट सगळं सांगितलं. सृष्टीचे हात झरझर चालले, आणि त्याचा आवाज मैदानभर गेला, “मी इथेच उभी आहे. माझ्याशी बोला. नाहीतर ‘सर्वांसाठी’ खोडून टाका.”

एक शब्द गाळला नाही त्याने! सृष्टीच्या छातीत धडधडायला लागलं... आणि त्या धडधडण्याचाही तिला रागच आला.

पिठल्याला घरी हातांच्याच खुणा कळायच्या. मॅडमचं ‘कुत्र्याला जवळ बोलवू नका’ भारत हातांनी सांगायला लागला, की ‘जवळ’ एवढंच पाहून पिठल्या सुसाट त्याच्याकडे. वर्ग हसायचा. ‘माझं कुत्रं पळवलंत,’ सृष्टी चहाच्या टपरीवर त्याला टोचायची. ‘मालकीण रागीट असली की काय करेल बिचारं?’ तो विचारायचा.

शेवटच्या रविवारी पिठल्या शहाण्यासारखा बसला, उठला, कुणावर उडी मारली नाही. आता सोसायटीचं तोंड बंद होणार होतं. पण प्रत्येक वेळी त्याने आधी भारतकडे पाहिलं होतं. मॅडम वैतागल्या. “हे कुत्रं दुभाष्याकडेच का बघतं? विचारा तिला.”

पुन्हा ‘तिला’! सृष्टीने भारतच्या डोळ्यांत बघत सावकाश उत्तर दिलं. त्याचे कान लालबुंद झाले. आता गाळून दाखव, तिची नजर म्हणत होती.

“कारण... मीसुद्धा त्याच्याकडेच बघते,” तो कसाबसा म्हणाला. “आणि ते काही— फक्त भाषेसाठी नाही.”

मग भारतचे हात हलले, आवाजाशिवाय, कितीतरी वेळ. हे त्याचं स्वतःचं बोलणं होतं. सृष्टीचे डोळे भरून आले.

“काय म्हणाला गं तो?” मॅडमनी विचारलं, या वेळी थेट सृष्टीकडे बघून. भारतने प्रश्न इमानाने पोचवला. सृष्टीने मान हलवून नकार दिला, त्याचे दोन्ही हात घट्ट धरले, आणि मग बराच वेळ दोघांनाही काही बोलता आलं नाही.