ओराझिओचं वाक्य

आमच्या रोममध्ये नट कॅमेऱ्यासमोर काय बोलतो याला फारशी किंमत नसते. संवाद लिहून झाले नसतील तर तो सरळ एक, दोन, तीन म्हणत ओठ हलवतो आणि महिन्याभरानं आमच्या अंधाऱ्या खोलीत येऊन पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडात शब्द घालतो. ते शब्द ओठांवर बेतून लिहायचं काम माझं. अकरा वर्षं हेच करतेय. रस्त्यापलीकडचा माणूस काय बोलतोय तेही मला कळतं. माझ्या सासूनं माझ्यासमोर पुटपुटणं केव्हाच सोडलंय.

अमेदेओ स्बार्रा आणि ओराझिओ यांची जोडी वीस वर्षं गावोगावच्या थिएटरांत विनोदी खेळ करायची. ओराझिओ गंभीर चेहऱ्यानं प्रश्न विचारायचा, अमेदेओ भलतंच उत्तर द्यायचा, आणि हशा अमेदेओच्या पदरात पडायचा. मग सिनेमात नायकाची भूमिका मिळाली तीही एकट्या अमेदेओला. चित्रीकरणाच्या पहिल्याच आठवड्यात ओराझिओ वितेर्बोला वारला. आमच्यात नटाची शवपेटी उचलताना टाळ्या वाजवतात. अमेदेओ त्या वाजवायलाही गेला नाही. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो.

त्या मंगळवारच्या कामातला एकच तुकडा उरला होता. खानावळीतल्या टेबलाशी बसून अमेदेओ रिकाम्या खुर्चीशी बोलतो, एवढाच; चित्रीकरणात त्यानं नुसते आकडेच म्हटले होते. वीस सेकंदांची फीत, दोन्ही टोकं जोडून गोल फिरवलेली, म्हणजे तेच ते पुन्हा दिसत राहतं. सकाळपासून त्याचा आवाज काही ओठांवर बसेना. चारपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्या कुणाचा आवाज घालीन, असं निर्मात्यानं बजावलं होतं. चेहरा आपला आणि आवाज परक्याचा. विनोदी नटाची याहून मोठी नाचक्की नाही.

मी संवाद तीनदा बदलले. मग लक्षात आलं, पडद्यावरचे ओठ आकडे म्हणतच नव्हते. पुढच्या फेरीला ते आणखी वेगळंच बोलले. यंत्रावरच्या फाउस्तोला फीत उतरवून तपासायला लावली. फीत तीच होती. खरं तर मी घाबरायला हवं होतं, पण मला नुसती उत्सुकता लागली. मी वही ओढली आणि ओठ वाचून दाखवले.

"'टोपी कुणाची घातलीस, ते आधी सांग.'"

अमेदेओ खुर्ची ओढून बसला. "हे ओराझिओचं वाक्य आहे."

"मग म्हणून टाका. बसतंय ते ओठांवर."

"जोडीतल्या माणसानं दुसऱ्याचं वाक्य बोलायचं नसतं, एर्सिलिया. बोललं की आपली जागा त्याला दिली."

पावणेचार झाले होते. फीत फिरतच होती.

"आता काय म्हणतोय?" त्यानं विचारलं.

"'वीस वर्षं मी विचारलं.'"

पुढची फेरी आली. मी वाचलं.

"'आता तू विचार.'"

अमेदेओ उठून मायक्रोफोनसमोर उभा राहिला. लाल दिवा लागला. मी पडद्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होते. ते शेवटपर्यंत घट्ट मिटलेलं होतं.

चारला निर्माता आला. तोंडघशी पडायच्या तयारीनं मी ध्वनिफीत लावली.

आवाज अमेदेओचाच होता. अक्षर न् अक्षर ओठांवर बसलं होतं, आणि विनोद असा फक्कड की फाउस्तो पोट धरून हसला. "हा अमेदेओ इतकी वर्षं कुठे लपवला होतास?" असं म्हणत निर्मात्यानं त्याची पाठ थोपटली आणि तो निघून गेला.

अमेदेओनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, पाहिलं होतं मी.

त्यानं कोट चढवला. दारात वळून त्यानं ओठ हलवले, पण आवाज आला नाही, आणि ते मिटले.

मग मला ऐकू आलं, "उद्या किती वाजता येऊ?"