सुंठेचा लेप

लाइट गेलीच आहे, तर मोबाइल खाली ठेवा सगळे. सुयश, तुझापण. ही थाप नाही. माझ्या ऑफिसातल्या श्रीपादची गोष्ट आहे, इथेच दिल्लीत, द्वारकेला राहतो तो. पटलं नाही तर विचारा जाऊन.

गेल्या जानेवारीची पंचवीस तारीख. दुसऱ्या दिवशी परेड, म्हणून जागोजागी बॅरिकेड, वर धुकं. श्रीपादचा भाचा निखिल मुनिरक्यात खोली घेऊन राहायचा. बहिणीचा पुण्याहून फोन आला, पोराचं डोकं फुटतंय, ताप आहे, उजेड सहन होत नाही. आपल्या घरांत यावर एकच निदान, अर्धशिशी. श्रीपादनं सुंठ आणि सहाण पिशवीत टाकली आणि निघाला. सहाण म्हणजे उगाळायचा दगड, दिल्लीवाल्यांनो.

जिन्यात दिवा नव्हता. वरच्या वळणावर एक बाई बसली होती, शाल गुंडाळून. श्रीपाद बाजूनं जायला लागला तशी म्हणाली, "मान वाकते का त्याची?"

मराठीत. मुनिरक्यात.

"उशीनं अवघडली असेल," श्रीपाद म्हणाला. शेजारीण असेल, असं वाटलं त्याला.

निखिल अंधारात पडला होता. मामाला बघून उठला. वाकून नमस्कार केल्याशिवाय राहायचा नाही, आईचं वळणच तसं. वाकायला गेला… आणि अर्ध्यावर थांबला. मान फळीसारखी ताठ. "मामा, नाही जमत," म्हणाला आणि ओकला.

श्रीपादला वाटलं, पित्त. तो बाहेरच्या नळावर सुंठ उगाळायला गेला. मयुरा, हसू नकोस. मीसुद्धा तेच केलं असतं.

वाटीत लेप घेऊन परत आला. निखिलचे डोळे मिटलेले.

"त्या काकू गेल्या?"

"कोण काकू?"

"हातावर काचेचा ग्लास दाबला त्यांनी. म्हणाल्या… डाग जात नाहीत. मामाला सांग… उगाळत बसू नको."

श्रीपादनं टॉर्च लावला. दंडावर जांभळे ठिपके. त्यांच्याभोवती ग्लासच्या कडेचा गोल वळ. खोलीत भांडी सगळी स्टीलची.

जिना… अंधार… पाठीवर पोरगं. वळणावर कोणी नव्हतं.

हॉस्पिटलात पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. गढूळ निघालं. मेनिंजायटिस. मेंदूच्या आवरणाला जंतूंनी सूज, आणि दाबूनही न जाणारे ते ठिपके म्हणजे जंतू रक्तात पसरल्याची खूण. डॉक्टर म्हणाले, "सुबह तक रुकते, तो…"

निखिलच्या जवळपास राहणाऱ्यांसाठीही डॉक्टरांनी खबरदारीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या द्यायला श्रीपाद मुनिरक्याला गेला, तेव्हा घरमालकाला त्या बाईबद्दल विचारलं. मालक म्हणाला, "इसी कमरे में पहले भी एक मराठी लड़का था. ऐसा ही बुख़ार. माँ आई थी, रात भर माथे पर सोंठ लगाती रही. सुबह तक लड़का नहीं रहा. साल भर में वह भी चली गई."

निखिल वाचला. पण डावा कान गेला, या आजारात जातो कधीकधी. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं. त्या कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

पण रात्री सगळं शांत झालं की त्याच कानात त्याला आवाज येतो. सहाणेवर कोणीतरी काही उगाळतंय… थांबतंय… पुन्हा उगाळतंय.