टेकडीवरची पोच

शिवणाचं टेबल गेली अठ्ठावीस वर्षं खिडकीपाशी होतं, कारण सुईत दोरा ओवायला उजेड लागतो. ते तिने एकटीने ओढून भिंतीला लावलं आणि खिडकीची जागा सवतीला दिली.

सवत म्हणजे नवऱ्याचा रेडिओ. नवरा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, आणि पोटापाण्याचं काम आटोपलं की हौसेचा रेडिओ घेऊन बसायचा. या हौशी रेडिओवाल्यांची जमातच वेगळी. परीक्षा द्यायची, सरकारचा परवाना घ्यायचा, हवेतून एकमेकांना गाठायचं, आणि गाठून बोलायचं काय, तर 'तुमचा आवाज छान येतोय.' तिच्या हे सगळं डोक्यावरून जायचं. तरी एका वर्षी त्याने हात धुऊन मागे लागून तिलाही परीक्षेला बसवलं. ती पास झाली. परवान्याबरोबर तिला स्वतःची पाच-सहा अक्षरांची खूण मिळाली, तीच त्याने कौतुकाने घरच्या सेटला लावली, आणि तिने त्यानंतर सेटला हात लावला तो फक्त धूळ पुसायला.

तो जाऊन आता सात महिने झाले होते.

सेट पुन्हा मांडायला पोस्टमास्तर आले होते. खरोखरच निवृत्त पोस्टमास्तर, दोन गल्ल्या सोडून राहणारे, नवऱ्याचे हवेतले आणि जमिनीवरचेही मित्र.

"वहिनी, सवतीला खिडकी? बढतीच झाली म्हणायची."

"तुम्ही वायर जोडा, भाऊजी," ती म्हणाली.

तिला माइकवर बोलायचं नव्हतं. तिला तो दुसरा प्रकार हवा होता. कॉम्प्युटरवर ओळ लिहायची, ती मोडेमच्या डबीत जाते, तिची खर्रर्र होते, रेडिओ ती खर्रर्र हवेत सोडतो आणि पलीकडच्या पडद्यावर तिची पुन्हा ओळ होते. पोस्टमास्तरांना हा प्रकार फार जवळचा.

"एकेक ओळ म्हणजे रजिस्टर पत्र बघा," ते वायरी सोडवता सोडवता म्हणाले. "मिळालं की पलीकडचं यंत्र आपणहून पोच पाठवतं. पोच आली नाही तर आपलं यंत्र तीच ओळ परत धाडतं. दहा वेळा. मग हात टेकतं."

"दहा वेळा," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला."

पोस्टमास्तरांचे हात थांबले. बोलून गेलो ते चुकलंच, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "पण पोच नाही आली म्हणजे पत्र मिळालंच नाही असं नसतं, वहिनी," ते हळूच म्हणाले. "पुष्कळदा पत्र मिळतं. पोचच वाटेत हरवते."

गावाबाहेरच्या टेकडीवर मोबाइल लागत नाही. सात महिन्यांपूर्वी तो हातातला लहान सेट आणि लॅपटॉप घेऊन तिथून घरी ओळ पोचते का ते बघायला गेला होता. निघताना म्हणाला, पाच वाजेपर्यंत घरचा सेट चालू ठेव, ऐकत राहा. ती म्हणाली, हो, ऐकते. दुपारी शाळेचे सहा स्कर्ट इस्त्री करायचे होते, आणि त्या भिंतीला प्लग एकच. तिने सेटचा काढला आणि इस्त्रीचा लावला. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, असं तिने मनाशी म्हटलं होतं.

चार चाळीसला वनरक्षकाला तो झाडाला टेकून बसलेला सापडला. अंग अजून कोमट होतं. वनरक्षकाने वेळ वहीत टिपली, लॅपटॉपचं झाकण मिटलं, पिशवीत घातला आणि माणसांना हाका मारल्या. नंतर पोस्टमास्तरांनी तो लॅपटॉप उघडून बघितला, तेव्हा त्यात दहाच ओळी होत्या. चार वीस ते चार एकोणतीस, दर मिनिटाला एक हाक, आणि प्रत्येकीपुढे 'पोच नाही.' डॉक्टर म्हणाले, कुणी धावत गेलं असतं तरी उपयोग नव्हता. लेकही फोनवर हेच सांगायची. पण त्याला सांगायचं काय होतं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो तिथे.

त्या दिवसापासून इस्त्री कपाटात होती. कपडे ती घडी घालून गादीखाली ठेवायची.

संध्याकाळपर्यंत अर्धं काम झालं. गच्चीवर अँटेना उभी राहिली, ऐकण्याची वायर जोडून झाली. पाठवण्याच्या वायरीचा पाच पायांचा प्लग मात्र फुटलेला निघाला. पोस्टमास्तर म्हणाले, माझ्याकडे पडला असेल एखादा, शोधतो, तोवर नुसतं ऐका.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बटणं लावत बसली होती. पडदा रिकामा होता. चार वीसला स्पीकरमधून छोटीशी खर्रर्र झाली आणि एक ओळ उमटली. डावीकडे त्याची खूण, उजवीकडे तिची, आणि पुढे जोडून घेण्याची मागणी.

तिने सुई कापडात खोचली आणि बराच वेळ ओळीकडे बघत राहिली. मग उठून कपाट उघडलं. त्याचा लहान सेट वरच्या खणात होता, बॅटरी काढलेली. लॅपटॉप त्याच्या शेजारी. कपाटात तापलेल्या सुती कापडाचा वास येत होता.

पुढच्या दिवशी ओळ चार एकवीसला आली. त्याच्या पुढच्या दिवशी चार बावीसला. तेव्हा तिने पोस्टमास्तरांना फोन केला.

"कुणीतरी चावटपणा करतंय," ते चिडून म्हणाले. "मेलेल्या माणसाची खूण वापरायची म्हणजे काय. मी ऐकतो माझ्याकडून."

ते दोन दिवस ऐकत बसले. त्यांच्याकडे चिटपाखरू नाही, आणि हिच्याकडे चार तेवीस, चार चोवीस. सहाव्या दिवशी ते स्वतः आले आणि तिने केलेला चहा हातात घेऊन पडद्यासमोर बसले. चार पंचवीसला दोन मिनिटं असताना त्यांनी कप ठेवला आणि रेडिओच्या मागून अँटेनाची केबल फिरवून काढली.

"आता काय येतंय बघू," ते म्हणाले.

खर्रर्र झाली. ओळ आली.

पोस्टमास्तर काढलेलं टोक हातात धरून तसेच उभे राहिले. "हा कसला वास येतोय?" त्यांनी विचारलं.

"इस्त्रीचा," ती म्हणाली. "भाऊजी, प्लग मिळाला का?"

"वहिनी, नका. बंद करा हे. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय." चहा तसाच ठेवून ते गेले. प्लग घेऊन ते परत येणार नाहीत, हे तिला ते जिना उतरत असतानाच कळलं.

हिशेब सोपा होता. दहा हाका, त्यातल्या सहा झाल्या. चार एकोणतीसनंतर त्याने हाक मारली नव्हती.

त्याच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या जुन्या डब्यात तिला तसलाच प्लग सापडला. नवऱ्याच्या वहीत त्या प्लगच्या पाच पायांची आकृती होती, कुठल्या पायाला कुठली वायर ते लिहिलेलं. तिने आयुष्यभर काजं केली होती. पण वायरींना सोल्डरिंगचे डाग द्यायला तिला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी बोट भाजलं, दुसऱ्या दिवशी पाचही वायरी बसल्या. नवव्या दिवशी, चार अठ्ठावीसला, ओळ आली, तिच्या यंत्राने पोच पाठवायला हवी होती, आणि रेडिओ ढिम्म हलला नाही.

त्या दिवशी ती ढसाढसा रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा.

सकाळी एक बाही उसवताना तिच्या लक्षात आलं. सुलट बाजूने डावी दिसते ती बाही उलट बाजूने उजवी होते. वहीतली आकृती प्लगच्या तोंडाकडून काढलेली होती आणि तिने डाग दिले होते पाठीकडून. सगळ्या वायरी बरोबर होत्या, फक्त आरशात. 'अहो, एवढं लिहून ठेवायला काय झालं होतं,' ती वहीला म्हणाली, आणि पाचही डाग काढून पुन्हा दिले.

चार वाजता तिने केबल घट्ट केली. भिंतीतला प्लग दोनदा दाबून बघितला. वासाने खोली भरली होती.

चार एकोणतीसला खर्रर्र झाली, आणि तिच्या रेडिओने लगेच उत्तर दिलं. त्याच्यावरचा लाल दिवा क्षणभर लागून विझला.

जोडलं गेलं.

त्या यंत्राला आपली लिपी कळत नसे. इंग्रजी अक्षरांत, वेडंवाकडं, ते दोघं बोलले.

'कुठे होतीस गं?'

सात महिने तिने याच प्रश्नाची उत्तरं रचली होती. त्यातलं एकही तिने लिहिलं नाही. 'इस्त्री करत होते,' तिने लिहिलं. 'तुमचा प्लग काढला.'

'वाटलंच मला. असू दे.'

'कसं वाटतंय?'

'छातीवर कुणी बसलंय.'

तिने फोन उचलला, दवाखान्याचा नंबर लावला आणि पलीकडून हॅलो आल्यावर तिला कळेना काय सांगावं. तिने फोन ठेवला.

'कुणाला पाठवू?'

'पोचायचं नाही कुणी. तू बोल.'

'काय बोलू?'

'काहीही. काय शिवलंस?'

'शाळेचे स्कर्ट. सहा.'

'चुण्या किती?'

'बारा.'

'मोज.'

तिने मोजल्या. एक लिहिलं, पोच आली. दोन. पोच आली. तीनला पोच यायला वेळ लागला. चारला त्याहून जास्त.

'आहात ना?'

पोच आली. उत्तर आलं नाही.

चार सदतीस झाले होते.

तिने लिहिलं, 'मी ऐकतेय.'

लाल दिवा लागला, विझला. पोच नाही.

यंत्राने तीच ओळ पुन्हा पाठवली. मग पुन्हा. दर मिनिटाला एकदा, तिने काही न करता. ती हात मांडीवर ठेवून दिव्याकडे बघत बसली. चार शेहेचाळीसला दहावी खेप गेली आणि पडद्यावर यंत्राने हात टेकल्याची ओळ आली.

तिने डोळे पुसले. वास गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तर आले, ओशाळलेले, खिशात प्लग घेऊन. तिने त्यांना झालेलं काहीच सांगितलं नाही. कपाटातला लॅपटॉप काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "त्या दिवशीची नोंद मला एकदा वाचून दाखवा."

"तुम्हाला पाठ आहे ती, वहिनी."

"तरी वाचा."

त्यांनी चार्जर लावला, चष्मा चढवला आणि नोंद उघडली. तारीख तीच होती, सात महिन्यांपूर्वीची. चार वीस, पोच नाही. चार एकवीस, पोच नाही. एकेक करत ते चार अठ्ठावीसपर्यंत आले आणि थांबले.

"इथे तर..." ते म्हणाले. मग ते नुसतं बोट खाली खाली नेत राहिले. कुठे होतीस गं. इस्त्री करत होते. स्कर्ट. बारा. एक, दोन, तीन, चार.

तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

शेवटी तिची ओळ होती. 'मी ऐकतेय.' दहा वेळा, दहाही मिळालेल्या. पुढे ओळीने त्याच्या यंत्राची नोंद होती, पोच पाठवली.

चार चाळीसला वनरक्षकाने झाकण मिटलं होतं. पहिल्या तीन ओळी त्याच्या आधीच्या होत्या.

"बाकीच्या यंत्राने आपणहून केल्या असतील," पोस्टमास्तर कसेबसे म्हणाले. "झाकण मिटलं तरी कधी कधी..."

तिने मानेनेच नाही म्हटलं. तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. वेळ चार शेहेचाळीस. त्या एका नोंदीपुढे यंत्राचे शब्द नव्हते. तिथे वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत, हाताने टाइप केलेलं होतं, 'हो.'