खारं बाळ

खाडीकाठच्या चौदा गावांत आता पाहुण्यालाही खारंच पाणी देतात. तिथल्या गोड्या विहिरी समुद्राने कधीच गिळल्या. माणसं मात्र टिकली, कारण साठ वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी त्यांच्या वंशात तिवराचा गुण घातला. तिवर हे खाडीतलं झाड. ते खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटलं तर खारट लागतं. तसंच या माणसांच्या कातडीतून मीठ पाझरतं. या गुणाला म्हणतात 'खारवण' आणि माणसांना 'खारे'. घाटमाथ्यावरचे आपण सगळे 'गोडे'. नावं ठेवण्यात आपला हात कोण धरणार!

हिराबाई डुंबरे गोड्या. त्यांच्या केशरने हरेश तांडेल या खाऱ्या मुलाशी लग्न केलं, बोटीने येणाऱ्या गोड्या पाण्यावर दीड वर्ष खाडीकाठी संसार केला आणि पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे ती माहेरी आली. सासूने सोबत खाडीच्या पाण्याचे चार कॅन दिले होते. बाळाला यातच अंघोळ घाला, रोज चार-चार चमचे पाजा, असा निरोपही होता. हिराबाईंनी कॅन मोरीत ओतले. त्या गढूळ पाण्यात आपला नातू? त्यांनी विहिरीचं पाणी तापवलं, बाळाला कौतुकाने न्हाऊ घातलं आणि खोलीत निजलेल्या केशरला सांगितलं, "घातलं हो तुझ्या सासूचं पाणी."

बारशाच्या आदल्या दिवशी बाळाला झटके आले.

जिल्ह्याच्या दवाखान्यात ऐंशी पार केलेल्या डॉ. वैजयंती पेठे अजून येत होत्या. तरुणपणी त्यांनी खारवणावरच काम केलं होतं. त्यांनी बाळाला मिठाचं सलाईन लावलं. झटके थांबले, पण हिराबाईंची बडबड थांबेना.

"मीठच कमी पडलं ना बाई? मग मी देते की चिमूट चिमूट."

"हिराबाई, त्याच्या अंगातून मीठ सतत पाझरतंय. पोटात होता तोवर केशरच्या रक्तातून भरपाई होत होती. तो साठा अकरा दिवस पुरला. आता एखाद्या दिवशी तुमचा तासभर डोळा लागला, तरी तो जाईल. खाडीवर हवेत मीठ, पाण्यात मीठ, तिथल्या बायकांच्या दुधातही मीठ. तो तिथेच जगेल."

"पाझरणं बंद करायचं औषध द्या."

"ते बंद करायची सोय आम्ही ठेवलीच नाही. बंद पडलं तर माणूस मरेल, याचीच तेव्हा भीती होती. उलटंही होईल, बंद न पडल्यामुळेही कुणी मरेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका जागी जगायला जो जीव अगदी नेमका घडतो, त्याला बहुधा दुसरी जागा उरत नाही. निसर्ग हे लाखो वर्षांत करतो. आम्ही सटवाईच्या आधीच याच्या कपाळावर लिहून मोकळे झालो."

"मग मी जाते त्याच्यासोबत," केशर म्हणाली.

"तुझी मूत्रपिंडं निम्मी गेली आहेत, केशर. त्या हवेत, त्या मासळीवर तू अजून वर्षभर काढशील. फार तर. आणि तुझं दूध त्याला तिथेही चालायचं नाही. ते गोडं आहे."

केशर रडू लागली, तशा हिराबाई खेकसल्या, "गप! बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं." मग आपण काय बोललो ते कळून त्या खाली बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी मोरीत ओतलेल्या कॅनची गोष्ट सांगून टाकली. केशरने आईकडे पाहिलंही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी हरेश रुग्णवाहिका घेऊन आला. खाडीवर एक दूध पाजणारी बाई ठरली होती. प्रवासासाठी नवीन बाटली लावायची म्हणून नर्सने सलाईन काढलं, आणि बाळाने टाहो फोडला. केशरने त्याला शेवटचं उचलून गालाशी धरलं. तिचे डोळे वाहत होते. बाळाने तोंड फिरवलं, तिचा ओला गाल त्याच्या ओठांना लागला आणि ते चोखू लागलं. रडणं थांबलं. अकरा दिवस तिच्या छातीशी त्याने इतक्या ओढीने काही प्यायलं नव्हतं.

हरेश दारातच थांबला. नर्स बाटली हातात घेऊन उभी राहिली.

हिराबाई उठल्या आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रड गं बाई. अजून रड."