चाळीसचा आवाज कुठे गेला?

चाचणी चौथी. स्वर : चाळीस.
परीक्षकाच्या कानात : ऐकू आला.
कृत्तिकाच्या कानात : नाही.

एकच इअरफोन, दोन कान. एकात ढगासारखा घुमणारा आवाज, दुसऱ्यात भोपळा! मग आवाज गेला कुठे?

पण थांबा. चौथी चाचणी आधी आली आणि पहिल्या तीन राहूनच गेल्या. थोडं मागे जाऊ. फार नाही, त्याच दुपारी एक वाजेपर्यंत.

सन दोन हजार एकाहत्तर. पाटणच्या शाळेत जिल्ह्याहून एक परीक्षक यंत्रमानव आला होता. छातीवर ९ हा आकडा, म्हणून पोरांनी दारातच त्याचं नाव नऊराव ठेवलं. त्याच्या डोक्याला मऊ रबराचे, हुबेहूब माणसासारखे कान होते.

काम मोठं होतं. मंगळावरची यंत्रं तिथल्या जमिनीचे हादरे टिपून पृथ्वीवर पाठवत. हादरे फार संथ, म्हणून ते भरभर पळवून माणसाला ऐकू येतील असे केले जात. पण संगणक अधूनमधून गोंधळायचा आणि साध्या वाऱ्यालाच मंगळकंप (मंगळाच्या जमिनीला बसलेला हादरा) म्हणून मोकळा व्हायचा. सरावलेला मानवी कान कमी फसायचा. म्हणून शंभर शाळांना श्रवणकेंद्र करायचं ठरलं होतं. प्रत्येक शाळेचा एकच नोंदवलेला श्रोता आणि त्याचा एकच इअरफोन. दोघांची परीक्षा एकत्र. चारच्या ठोक्यापर्यंत दोघं पास झाले नाहीत, तर केंद्र दुसऱ्या शाळेला.

पाटणची श्रोता होती सातवीतली कृत्तिका सोनटक्के. तिच्यासोबत आलेले आजोबा, म्हणजे नाना, भूकंपशास्त्रज्ञ. कोयनेच्या खोऱ्यातले हादरे मोजण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. "धक्क्याच्या आधी जमीन घुमते बघ," ते सांगायचे. वर्षभर कृत्तिका त्यांच्याजवळ बसून ती जुनी, त्यांनी टिपून ठेवलेली घुमणी ऐकत आली होती. आता डोळे मिटूनही तिला ट्रक कुठला आणि हादरा कुठला ते कळायचं.

तिने जांभळ्या वायरचा इअरफोन टेबलावर ठेवला. आठवडी बाजारातला. सोबत लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टोप्यांच्या तीन जोड्या.

"हा?" नऊराव म्हणाला. "याची किंमत माझ्या एका स्क्रूपेक्षा कमी आहे."

"मग तुमचा स्क्रू तपासून घ्या, कुणीतरी फसवलंय तुम्हाला," रझिया मुलाणी म्हणाली. रझिया म्हणजे कृत्तिकाची मैत्रीण. सायकल दामटत धीर द्यायला आली होती, पण धीरापेक्षा टोमणेच जास्त द्यायची.

चाचणी पहिली. नऊरावने वायर दोनशे वेळा वाकवली. तुटली नाही. पास.

चाचणी दुसरी, तोंडी. "बिनवायरचा का आणला नाही?"

कृत्तिका म्हणाली, "बिनवायरच्यात बहुतेक वेळा आवाजाची घडी घालून पाठवतात आणि कानाशी उलगडतात. घडी घालताना बारीकसारीक काही गळू शकतं. वायरमध्ये घडीच नाही." पास.

चाचणी तिसरी. इअरफोन घालून चालायचं. चालताना वायर गणवेशावर घासली आणि कानात खसखस, खसखस. कृत्तिका थबकली. दोन काडेपेट्या दोऱ्याने जोडून फोन करतात, तसंच हे! ताणलेला दोरा थरथर पोचवतो आणि वायरही पोचवते. तिने वायर कानावरून मागे वळवून घेतली. आता थरथर वळणापाशीच अडली. खसखस बरीचशी गेली. पास.

आणि मग चौथी.

नऊरावने एकेक स्वर वाजवला. आठ हजार कंपनसंख्येचा (आवाज सेकंदाला जितक्या वेळा थरथरतो तो आकडा) स्वर चिलटासारखा गुणगुणला. हजारचा शिट्टीसारखा. दोनशेचा जरा मरतुकडा. आणि चाळीसचा...

                                        

वरची ओळ कोरी नाही. कृत्तिकाला जे ऐकू आलं, तेच तिथे छापलं आहे.

"मंगळकंप खालच्या स्वरांतच असतात," नऊराव म्हणाला. "चाळीस ऐकू येत नसेल, तर नापास."

"इअरफोनच फालतू असेल," कृत्तिका म्हणाली. नऊरावने टोपी पुसून तो स्वतःच्या रबरी कानात घातला आणि मोजला. चाळीस भरपूर होता. रझियाने घातला आणि ती दचकलीच. "बापरे, पोटात घुमल्यासारखं वाटतंय!"

कृत्तिकाने परत घातला, परत काही नाही. म्हणजे इअरफोन चांगला होता. मग वाईट काय होतं?

कृत्तिकाने दोन्ही हात कानांवर ठेवले. वर्षभराचा सराव आणि कानच खोटा निघाला?

"नाना, माझं नाव काढून टाकायला सांगा."

"कान म्हातारे झालेत ते माझे," नाना म्हणाले. "तुझे काल रात्रीपर्यंत धडधाकट होते. रझिया, सायकलला पंप आहे का गं?"

"आहे की. पण कानात हवा भरणार का काय?"

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. नानांनी पंपाची नळी कृत्तिकाच्या हातात दिली. "नळीच्या तोंडावर बोट घट्ट दाब. दुसऱ्या हाताने दट्ट्या हळू ढकल. काय होतं?"

"बोट उडवतेय हवा."

"आता बोट केसभर उचल. परत हळू ढकल."

सुऽऽस्स. हवा निसटून गेली. बोटाला काहीसुद्धा लागलं नाही.

"फट तेवढीच ठेव. आता झटक्यात ढकल."

फट्! बोटाला धक्का बसला. कृत्तिकाने पुन्हा केलं. हळू केलं, काही नाही. झटक्यात केलं, धक्का. फट तीच होती, हवाही तीच.

"हळू ढकललं की हवेला पळून जायला वेळ मिळतो," ती पुटपुटली. "झटक्यात ढकललं तर मिळत नाही."

"मग इअरफोनमध्ये दट्ट्या कुठला?"

"आतला पडदा (आवाजाबरोबर पुढे-मागे हलणारं नखाएवढं पातळ पान). तो कानातल्या हवेला ढकलतो. आठ हजार म्हणजे झटक्यांवर झटके. चाळीस म्हणजे त्यामानाने सावकाश ढकलणं..." तिचा आवाज चढला. "नाना, कान म्हणजे बंद खोली आहे! खोली बंद असली तर एवढासा पडदासुद्धा घुमवतो. दाराला फट असली की खालचे स्वर आधी पळतात! माझ्या कानात फट आहे!"

"दुरुस्ती," नऊराव म्हणाला. "फट कानात नसते. कान आणि टोपी यांच्यामध्ये असते."

कृत्तिकाने टोपी काढून उजेडात धरली. ती चकाकत होती. बोटाने चोळली तर सुळकन निसटली. तिने नाकाशी नेली.

"नाना."

"काय गं?"

"सकाळी माझ्या कानात काय घातलंत तुम्ही?"

नानांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला. "तेल. तिळाचं, कोमट. परीक्षेचा दिवस होता ना. आमची आई दर परीक्षेला घालायची. म्हणायची, कान मोकळे होतात."

"इतके मोकळे झाले, की इअरफोनच निम्मा बाहेर!" रझिया हसता हसता बाकावर बसली.

"सूचना," नऊराव म्हणाला, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात तेल घालू नये."

"कळलं रे बाबा," नाना म्हणाले. "पस्तीस वर्षं जमिनीतल्या फटी शोधल्या आणि नातीच्या कानाशी स्वतःच एक पाडून ठेवली."

मग धावपळ. रझियाने टोप्या साबणाने धुऊन कोरड्या केल्या. कृत्तिकाने कान बाहेरून रुमालाने टिपले, आत काही खुपसलं नाही. मध्यम टोपी जरा सैल वाटली, म्हणून मोठी चढवली. तरी नीट बसेना. तेव्हा नऊरावने आपलाच रबरी कान वर आणि मागे ओढून दाखवला. "वाट सरळ होते. मग टोपी आत बसते."

तीन वाजून एक्कावन्न. कृत्तिकाने कान ओढला आणि टोपी बसवली.

पंख्याची घरघर एकदम दूर गेली. बाहेरच्या पोरांचा कल्ला कुणीतरी दार लोटावं तसा मिटला. ओठ हलत होते रझियाचे, शब्द मात्र नव्हते. फट बुजली होती! नऊरावने बटण दाबलं.

घुं ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ

"आला!" ती एवढ्या जोरात ओरडली की वऱ्हांड्यातली चिमणी उडाली. "चाळीस आला! आहे माझा कान!"

नऊरावच्या पोटातून कागद सरकत बाहेर आला :

इअरफोन : पास.
श्रोता : पास.
शेरा : स्क्रूबद्दलचं विधान मागे घेत आहे.

चार वाजता केंद्र सुरू झालं. मंगळावरून निघालेला संदेश अंतराळ ओलांडून, आठवडी बाजारातल्या जांभळ्या वायरमधून कृत्तिकाच्या कानात शिरला. आधी वारा होता, नुसता भुरभुरणारा. मग पुन्हा वाराच. संगणक दोनदा "कंप" म्हणाला आणि दोन्ही वेळा तिने मान हलवली. वारा.

आणि मग ती ताठ बसली. वाऱ्याच्या खालून काहीतरी घुमत वर येत होतं.

"हा. हा खरा आहे." तिने नोंदीचं बटण दाबलं. "नाना, आपल्या कोयनेसारखाच घुमतोय!"

नाना दारात उभे होते. "सांग मला कसा आहे ते. वयाने माझे वरचे स्वर कधीच गेलेत, पक्षीसुद्धा ऐकू येत नाहीत आता."

"हा वरचा नाहीच मुळी. या इकडे. आज स्वतः तेल घातलं नाहीत ना?"

"नाही गं बाई."

कृत्तिकाने एका बाजूची टोपी पुसली, नानांचा कान धरला, चांगला वर आणि मागे ओढला आणि टोपी आत बसवली.

"आई गं," नाना म्हणाले. मग त्यांचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. कोट्यवधी किलोमीटर लांब एक लाल जमीन घुमत होती आणि त्या घुमण्यातला एकही स्वर त्यांच्या कानातून निसटत नव्हता.