तळाचे माप

‘पालट’ हा शब्द आपण हवेला लावतो, ऋतूला लावतो. डोंगरातल्या खोल तलावाकाठी तो पाण्याला लावतात, आणि तिथे त्याचा अर्थ नेमका आहे. उन्हाळाभर वरचे पाणी उबदार आणि हलके असते, तळाचे थंडगार आणि जड. एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखे हे दोन थर नांदतात. पोहण्याचा मोसम सरत आला की वरचे पाणी निवते, जड होते, आणि एखाद्या वाऱ्याच्या रात्री खाली बसते. तळाचे वर येते. या उलथापालथीला पालट म्हणावे. नुसत्या गारठ्याला म्हणू नये. पालटाच्या सकाळी उडी घेणाऱ्याचा श्वास छातीतच अडकतो, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा काठाजवळ बुडतो.

ही हकीकत सांगणारा म्हातारा त्या तलावावर नावा भाड्याने देतो. अंधार पडल्यावर नावघरातल्या शेगडीभोवती बसलेल्या काही तरुणांना त्याने ती सांगितली. त्यांना सकाळी पाण्यात उतरायचे होते. घडली ती त्याच्या मेव्हण्याच्या बाबतीत, आणि त्या मेव्हण्याला सारा गाव मापाडी म्हणत असे.

मापाड्याचे काम साधे होते. रोज संध्याकाळी नाव मध्यावर न्यायची. शिसे बांधलेली, बूच लावलेली बाटली दोराने तळाशी सोडायची. बुचाला वेगळी दोरी असे. तिला हिसका दिला की बूच निघे, बाटली भरे, बुडबुडे वर येत. मग बाटली ओढून घ्यायची, तापमापक बुडवायचा, आणि वरचे व तळाचे असे दोन्ही आकडे धक्क्यावरच्या फलकावर लिहायचे. तळाचा आकडा बारा महिने चार अंश. तो हलू लागला की पालट दाराशी आला असे समजायचे आणि लाल निशाण लावायचे.

पण मापाड्याला घाणीची भारी शिसारी. तळाच्या पाण्याला नासक्या अंड्याचा वास यायचा. दोराला काळा, बुळबुळीत गाळ चिकटायचा, आणि तो नखांत गेला की दोन दोन दिवस त्याला हाताने जेवण जात नसे. तेव्हा त्याने काय केले? बाटली खाली सोडणेच बंद केले. वरचे माप घ्यायचा, आणि तळाचे ‘चार’ काठावर बसून लिहायचा.

धक्क्यावर रोज पहाटे चित्रकलेचे निवृत्त मास्तर पोहायला येत. फलक वाचल्याशिवाय ते कपडे काढत नसत. थट्टेखोर माणूस. “काय मापाडी, आज तुमचं पाणी किती अंश खोटं बोलतंय?” असे विचारायचे, हसायचे आणि उडी घ्यायचे.

मोसमाच्या अखेरीस एका पहाटे त्यांनी फलक वाचला. तळ चार. त्यांनी उडी घेतली. रात्रीत पालट झाला होता.

मास्तर सापडले नाहीत. गार तळ प्रेताला फुगू देत नाही, म्हणून ते वर येत नाही. तळ कोमट झाला तरच येते. हे मापाड्याला पक्के ठाऊक होते.

वर्ष उलटले. पुन्हा मोसम संपत आला. मापाड्याची मुलगी एका रविवारी सकाळी तलाव आरपार पोहणार होती. उन्हाळाभर तिने त्यासाठी हातपाय झिजवले होते. आदल्या दिवशी, शनिवारी, दिवेलागणीला त्याची बायको दारात आडवी उभी राहिली.

“अहो, आज बाटली खाली सोडा.”

“रोजच सोडतो की.”

“मला सांगता? वर्षभर तुमच्या सदऱ्याला गाळाचा एक डाग नाही. कपडे मी धुते.” मग तिने त्याच्या हातात रुमाल कोंबला. “नाकाला बांधा. तुमचं नाक म्हणजे माझी दुसरी सासू आहे. पण उद्या पोर उतरणार आहे.”

मापाडी निघाला. वारा नव्हता. मध्यावर पोहोचेतो काठ काळवंडला होता. त्याने नाकाला रुमाल बांधला, बाटली सोडली. दोर सरसर गेला, सैल पडला. तळ लागला. त्याने हिसका दिला.

बुडबुडे आले. बाटलीत मावेल तेवढी हवा आली... आणि येतच राहिली.

मग थांबली.

पुन्हा आली. पुन्हा थांबली. झोपलेल्या माणसाचा श्वास यावा तशी.

त्याने दोर ओढायला घेतला. तळव्यांत गाळ आला, चिकट, केसाळ. त्याला ओकारी आली, तरी तो ओढत राहिला. मग त्याच्या ध्यानात आले. गाळ गार नव्हता.

बाटली हाती आली. कोमट.

आतले पाणी पांढरट, लाळेसारखे तार धरणारे. कुणी तोंडात घोळवून परत थुंकावे तसे. त्याने तापमापक बुडवला. पारा चार सोडून चढला. उन्हाळ्यातल्या काठच्या पाण्याचा आकडा ओलांडला. चढतच गेला. आणि धडधाकट माणसाच्या काखेत थांबतो, तिथे थांबला.

त्याने तापमापक झटक्याने उपसला. पाणी उसळले, रुमालातून ओठांवर आले. खारट. ऊन. मापाडी नावेच्या कडेवरून वाकला आणि भडाभडा ओकला.

ते पाण्यात पडले, तसा खालून आवाज आला. कुणी चूळ भरावी तसा. खळखळ... खळखळ... बोलण्यापूर्वी तोंड मोकळे करावे तसा.

मग आवाज नाही, नुसते बुडबुडे.

मापाडी वाट पाहत राहिला. तो प्रश्न येईल म्हणून. रोजचाच, थट्टेचा.

आला नाही.

“मास्तर...” तो म्हणाला. “चार नाही... लाल लावतो. उद्या... लाल.”

बुडबुडे थांबले.

त्याने निशाण लावले. मुलगी आकांडतांडव करत रडली. “बाबा, वर्षभर चार लिहिता, आणि नेमकं आजच तुम्हाला माप सापडलं?” रात्री वारा सुटला. सकाळी काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला होता आणि वरच्या पाण्यात गारठ्याने हात धरवत नव्हता. मुलगी धक्क्यावर उभी राहून बराच वेळ ते पाहत राहिली. मग आत जाऊन तिने बापासाठी पाणी तापवले. त्याने ते घेतले नाही. ऊन पाणी त्याने पुढे कधी अंगावर घेतले नाही.

“आणि ती बाटली?” शेगडीजवळच्या एकाने विचारले.

म्हाताऱ्याने मागच्या फळीकडे मान वळवली. वल्ह्यांच्या वर ती होती, बूच लावलेली. “दाराच्या फटीतून अख्खा हिवाळा वारा येतो तिच्यावर,” तो म्हणाला. “हात लावून बघा.”

एकाने लावला. लगेच काढला, आणि विजारीला पुसत राहिला.

गावात ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात, की बर्फासारखा एक हात वर आला आणि सूड घ्यायला त्याने नाव धरली. ते चूक आहे. नावेला कुणी शिवले नाही, आणि सूडही कुणी मागितला नाही. गार असे तर काहीच नव्हते. ते कोमट होते.